रसमलाईला ऊन लागतं

येत्या १ मेला, शुक्रवारी, गोंदियात एकाच दिवशी चार निमित्तं जुळून आली आहेत. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, बुद्ध पौर्णिमा आणि चौथं, जे खुद्द गोंदियेकरांनाही चटकन आठवत नाही ते, जिल्ह्याचा वाढदिवस. १ मे १९९९ ला भंडाऱ्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा निघाला. त्याच दिवशी परभणीतून हिंगोली निघाली. जुळी भावंडं म्हणायची, पण एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. जिल्हा यंदा सत्तावीस पूर्ण करतो. लग्नाचं वय उलटत चाललं, पण येणारी स्थळं अजून नागपूरलाच उतरून चहा पिऊन परत जातात.

चार निमित्तं, एक सुट्टी आणि तिला लागून शनिवार-रविवार. हॉल आणि लॉन लग्नांनी आधीच अडवलेले. तेव्हा कॉलन्या, मंडळं, कर्मचारी संघटना अशा सगळ्यांनी आपापले कार्यक्रम उघड्या मैदानात काढले आहेत. वर मंडप, खाली सतरंजी, मधे माणूस आणि माणसाच्या हातात गोड. हवामान खात्याला कुणी विचारलेलं नाही. विचारून तरी काय, ते ‘उष्णतेची लाट’ म्हणणार आणि आपण ‘अध्यक्ष महोदय’ म्हणणार.

गोंदियात आणि गडचिरोलीत सूर्य मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी कामावर हजर होतो. राज्याच्या या टोकाला आधी पोचणारी गोष्ट ती एवढीच. बाकी निधी, डॉक्टर आणि प्रमुख पाहुणे पश्चिमेकडून येतात, म्हणून ते आपल्या सवडीनं येतात. सरकारी झेंडावंदन मात्र राज्यभर एकाच वेळी, सकाळी ८ ला. मुंबईत ८ म्हणजे सकाळ असते. आमच्याकडे ८ ला कारंजाच्या पोलीस मैदानावर उभ्या जवानांच्या कपाळावर घाम चमकत असतो. त्यानंतर कॉलनीचं आपलं वेगळं झेंडावंदन, मग सत्कार, मग दहावी-बारावीच्या गुणवंतांचा नंबर (निकाल अजून लागलेला नसतो, म्हणून मागच्या वर्षीचेच गुणवंत), मग मनोगतं. गोड उघडतं तेव्हा साडेदहा-अकरा झालेले असतात आणि पारा चाळिशीला टेकलेला असतो.

आता या उन्हात गोड काय ठेवायचं, हा प्रश्न.

आमच्याकडे झेंडा, माईक, खुर्च्या हे विषय बैठकीत पाच मिनिटांत उरकतात. देशभक्तीबद्दल मतभेद नसतात. खरी चर्चा सुरू होते ती अध्यक्षांनी चष्मा काढून “मंग गोडात का ठेवाचं जी?” असं विचारल्यावर. मग दोन तास. बुंदी म्हणताच कोषाध्यक्ष सोडून सगळे हसतात. बुंदी हनुमान जयंतीला चालते, तिथे देवाची इज्जत असते. इथे कॉलनीची आहे. जिलबी २६ जानेवारीची. गुलाबजाम तर सगळेच ठेवतात. सोनपापडी कुणी ठेवत नाही, ती नुसती या घरातून त्या घरात फिरत राहते. शेवटी कुणीतरी हळूच सांगतो की पलीकडच्या कॉलनीनं मागच्या वर्षी रसमलाई ठेवली होती. तिथे चर्चा संपते. एक काकू म्हणाल्याच, “तांदळाची खीर ठेवली तं?” त्यावर उत्तर आलं, “खीर तं घरीच भेट्टे नं काकू.” ठराव एकमतानं मंजूर. काकूंचं मत इतिवृत्तात ‘इतर विषय’ या मथळ्याखाली गेलं.

रसमलाई वाईट नाही. बिचारीचा जन्म चुकीच्या ठिकाणी होतो, एवढंच. छेना म्हणजे ओलसर, सच्छिद्र, प्रथिनांनी भरलेला गोळा. तो आटवलेल्या दुधात बुडवलेला. आणि पाक रसगुल्ल्यासारखा दाट नाही, म्हणजे साखरेनं पाणी बांधून ठेवायची सोयही नाही. जंतूंच्या वऱ्हाडाला याहून चांगली पंगत मिळणार नाही. पाच ते साठ अंश हा त्यांचा सुखाचा पट्टा. चांगलं ऊबदार मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे की असं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ३२ अंश! एवढं तर आम्ही मे महिन्यात रात्री जेवून अंगणात खाट टाकतो तेव्हा असतं, आणि त्याला आम्ही ‘आज जरा थंड वाटते’ म्हणतो.

डबा येतो सकाळी ७ ला. बर्फाच्या लादीवर ठेवलेला, वर ओलं पोतं. ८ ला लादीचा निम्मा भाग पाण्यात गेलेला असतो. ९ ला ते पाणी डब्याच्या काठापर्यंत येऊन आत केशराच्या रंगाला फिकं करत असतं आणि पिस्त्याचे काप किनाऱ्याला लागलेले असतात. १० ला कुणीतरी झाकण उघडून बोट बुडवतं, चाटतं आणि म्हणतं, “ठीक आहे बे, चालते.” नेमक्या याच क्षणी प्रमुख पाहुणे माईकपाशी येऊन सांगतात की मी तुमचा फार वेळ घेणार नाही.

मंडपात जंबो कुलर असतात, नाही असं नाही. विदर्भात माणूस एक वेळ नवरदेवाशिवाय लग्न लावेल, कुलरशिवाय नाही. पण कुलरचं तोंड कुणाकडे, हा प्रोटोकॉलचा विषय. पहिला व्यासपीठाकडे, दुसरा पहिल्या रांगेकडे, तिसरा पत्रकारांकडे. गोडाचं टेबल मंडपाच्या पश्चिमेच्या कनातीला चिकटून, जिथे जनरेटरचा धूर येतो तिथे. ज्याला खरोखर गार वारा हवा, तो एकटाच भाषण न करणारा.

थोडी आंबूस लागली तर आचारी म्हणतो, “एक उकळी आणून देतो साहेब.” ही उकळी आपली राष्ट्रीय श्रद्धा आहे. माणसाच्या हातावरून, नाकावरून दुधाच्या मिठाईत उतरणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू उकळीत मरतो, हे खरं. पण मरण्याआधी त्यानं सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही. ते तसंच राहतं, गरमागरम. खाल्ल्यावर दोन-चार तासांत कॉलनीभर नळांचा आवाज सुरू होतो.

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही ‘या तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणं देशभर सक्तीचं आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं मार्गदर्शन तर स्पष्टच आहे: कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाई दोन दिवसांत, लाडू आणि खव्याच्या मिठाया चार दिवसांत, तुपातल्या-सुक्यामेव्याच्या आठवडाभरात. एका दुकानात मी ती पाटी बघितली आहे. खडूनं लिहिलेली. तारीख रोज पुसून नवी लिहितात, मिठाई तीच. कायद्याचं पालन यापेक्षा नियमित होऊ शकत नाही.

मग पर्याय? पर्याय पुष्कळ येतात बैठकीत. तरुण मंडळींना केक हवा असतो, आणि साधा नाही, महाराष्ट्राच्या नकाशाचा. त्यात एक अडचण आहे जी मुंबई-पुण्याच्या लक्षात येणार नाही. नकाशात गोंदिया उजव्या टोकाला, जिथे क्रीमचा थर सगळ्यात पातळ. पाहुण्यांची सुरी मुंबईवर ठेवलेली असते, कारण चेरी तिथे असते. ते फोटोसाठी थांबतात, आणि तोवर पूर्वेकडून ऊन येऊन गोंदिया छत्तीसगडात विरघळतो. पाठोपाठ भंडारा. दुसऱ्या फोटोपर्यंत नागपूर सुटतं. वेगळ्या विदर्भाच्या आंदोलनांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते बेकरीच्या क्रीमनं दहा मिनिटांत करून दाखवलं, आणि तेही लाठीमार न होता.

आइस्क्रीमचं म्हणाल तर आधी कपावरची बारीक अक्षरं वाचा. दुधाचं स्निग्ध किमान दहा टक्के असेल तर ते आइस्क्रीम. वनस्पती तेलाचं असेल तर कंपनीला ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहावं लागतं. कॉलनीच्या बजेटात दुसरंच येतं. मैदानात पोचेपर्यंत त्यातलं फ्रोजन जातं आणि उरलेलं मुलं नळीनं पितात.

लाडवांनाही ऊन सोसत नाही. साजूक तूप तिशी ओलांडल्यावर धीर सोडतं. वनस्पती तुपाचा वितळणबिंदू नियमानं ३१ ते ४१ अंशांत असावा लागतो. म्हणजे मे महिन्यात गोंदियात लाडूबरोबर नियमही हातात येतो, कागदाला डाग पाडत.

बर्फाचा गोळा माझा लाडका, पण त्याचीही एक गंमत आहे. मासे-भाजी गार ठेवायचा बर्फ खाण्यात जाऊ नये म्हणून २०१८ च्या जूनपासून राज्यानं न खाण्याच्या बर्फात निळा रंग सक्तीचा केला. हेतू उत्तम. आता गोळेवाल्यापाशी उभं राहा. पोरं काय मागतात? “काका, निळा द्या.”

आमरस राहिला. अक्षय्य तृतीयेपासून घरोघरी रस सुरू होतो, पण तो पंगतीचा पदार्थ. पोळी, कुरडई आणि दुपारची झोप असा त्याचा लवाजमा असतो. शिवाय १ मेला आमच्या बाजारात आंबा म्हणजे आंध्रातली बैगनफल्ली. गावरान झाडावरचा पाड अजून लांब आहे. कार्बाइडवर बंदी असूनही पिवळाधमक आंबा एप्रिलमध्ये कसा, हे आपण विचारत नाही. तो सांगत नाही. आणि शंभर माणसांचा रस काढून उन्हात ठेवला की तासाभरात त्याचा रंग आणि अध्यक्षांचा चेहरा एकसारखा दिसू लागतो.

ही सगळी यादी पुन्हा वाचा. छेना बंगाली, केक इंग्रजांचा, आंबा आंध्राचा. बंगाल आणि ओडिशा रसगुल्ल्यासाठी इतके भांडले की दोघांनाही भौगोलिक मानांकनं द्यावी लागली, एकाला २०१७ मध्ये, दुसऱ्याला २०१९ मध्ये. आणि आमचं गाव? रेल्वेतून उतरताच धानाच्या कोंड्याचा वास येतो. ‘तांदळाचं शहर’ ही बिरुदावली आम्ही प्रत्येक भाषणात म्हणतो, त्या १ मेच्या भाषणातसुद्धा. गिरण्यांच्या धुराड्यांच्या सावलीत मंडप टाकतो. आणि ताटात तांदळाचा एक दाणा गोड करून ठेवत नाही, का, तर तो घरी भेट्टे.

चिन्नोर घ्या. बारीक, सुवासिक, शिजताना शेजारच्या घराला कळतो असा. पलीकडच्या बालाघाटला चिन्नोरचं मानांकन २०२१ मध्ये मिळालं. अलीकडच्या भंडाऱ्यालाही मिळालं. गोंदिया या दोघांच्या बरोबर मधे. त्याला काय मिळालं? उकडा तांदूळ आणि रेशनच्या भरडाईची थकबाकी. मानासाठी भांडायचं असतं, हे आम्हाला रसगुल्ल्यानंही शिकवलं नाही.

आता १ मेलाच, त्याच गावात, दोन रस्ते ओलांडून पलीकडे या. बुद्ध पौर्णिमा आहे. सुजातानं सिद्धार्थाला खीर दिली, ती खाऊन तो बसला आणि बुद्ध होऊन उठला, ही कथा लहान पोरालाही ठाऊक. म्हणून विहाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, तीन विटांच्या चुलीवर खिरीचा गंज चढलेला असतो. एक माणूस लांब सराटा घेऊन तळ खरवडत राहतो, कारण दूध एकदा तळाला लागलं की सगळा गंज जळका लागतो. तांदूळ आधी धुऊन, निथळून, हातानं भरड केलेला. साखर शेवटी, नाहीतर दाणा ताठ राहतो. वर साय धरते, सराटा ती मोडतो, पुन्हा धरते. पळसाच्या द्रोणात वाढतात तेव्हा द्रोण इतका तापतो की एका हातातून दुसऱ्या हातात टाकत फुंकर मारावी लागते. येणारा-जाणारा, रिक्षावाला, बंदोबस्तावरचा पोलीस, कुणालाही थांबवून देतात. वर्गणी विचारत नाहीत.

आता जंतूंच्या बाजूनं या गंजाकडे बघा. साठ अंशांच्या कितीतरी वर, सतत उकळतं, आणि उतरलं की अर्ध्या तासात संपतं. बर्फ नको, डबा नको, पोतं नको. ४२ अंशांच्या गावात उघड्यावर द्यायचं सगळ्यात सुरक्षित गोड हे गरम असतं, हे शास्त्र कुणी पुस्तकात वाचून केलेलं नाही. (खिरीलाही एक पथ्य आहे. भातातला बॅसिलस सेरियस नावाचा जंतू शिजवूनही बीजाणूरूपानं मागे राहतो आणि खीर निवत पडली की जागा होतो. उरलेली संध्याकाळी वाढू, हा विचार मनातही आणू नये. पण गरम खिरीला ‘उरणं’ माहीत नसतं.)

आमच्या समितीतले निम्मे सदस्य रसमलाईचे डबे आणायला जाताना याच रस्त्यावर थांबतात. एकेक द्रोण घेतात, कुणी दुसराही. “का मस्त झाली बे,” म्हणतात. मग डबे गाडीत घालून कॉलनीत येतात आणि खिरीचा विषय काढत नाहीत. कारण खीर ‘त्यांच्याकडची’ आणि रसमलाई ‘आपली’. रसमलाई कलकत्त्याहून आली तरी आपली. खीर दोन गल्ल्या पलीकडची, म्हणून ती त्यांची. हे अंतर कोणत्या मापानं मोजतात ते बैठकीत कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. सगळ्यांना येतं.

खिरीवरची चारोळी तरी कुणाची? सालेकसा-देवरीच्या जंगलात याच दिवसांत चाराची काळी-जांभळी फळं पिकतात. बाया पहाटे जाऊन वेचतात, गर काढतात, वाळवतात, जात्यावर हलक्या हातानं भरडून दाणा सोडवतात. दाणा फुटला तर भाव गेला. ही चारोळी व्यापाऱ्यामार्गे शहरात जाते, श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यावर चार दाण्यांच्या नक्षीत बसते आणि पुन्हा गोंदियात येते, शहरी भावानं. जणू आपलंच पोरगं शिकून परत आलं आणि आपल्याशी इंग्रजीत बोलू लागलं.

आणि मोह. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. वाळल्यावर निम्म्याहून जास्त साखरच. इतकं गोड झाड जिल्हाभर उभं आहे, पण मोह म्हटलं की समितीला फक्त बाटली आठवते. मोहफुलाचे लाडू बचत गटाच्या बाया करतात, कोरडे, टिकाऊ, उन्हाला न भिणारे. प्रदर्शनात साहेब एक लाडू हातात धरून फोटो काढतात आणि परत परातीत ठेवतात. कॉलनीच्या मेनूवर मोह लिहिला तर वर्गणीवरून नाही, चारित्र्यावरून प्रश्न येतील. तेच मोहफूल उद्या मुंबईच्या हॉटेलात पांढऱ्या बशीत, वर पुदिन्याचं पान ठेवून आलं, तर आम्ही त्याच्याबरोबर सेल्फी घेऊ.

हिशेबाचंही बोलू, म्हणजे कोषाध्यक्ष तरी वाचतील. शंभर माणसांना खिरीला पंधरा लिटर दूध, किलोभर चिन्नोर, दीड-दोन किलो साखर, मूठभर चारोळी, पाच-सहा वेलदोडे आणि तळ खरवडणारा एक माणूस लागतो. द्रोण जंगलातले, थर्माकोलच्या वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे आठवण म्हणून. झेंडा वर, खीर चुलीवर, आणि भाषणं ज्याला ऐकायची त्यानं द्रोण हातात घेऊन ऐकावीत. पाहुण्यांना घाई करायला सांगण्यापेक्षा त्यांच्या हातातही एक गरम द्रोण द्यावा. माणूस फुंकर मारत असताना फार लांब बोलू शकत नाही.

पण ठराव झालेला आहे आणि इतिवृत्तावर सह्याही झालेल्या आहेत. यंदाही रसमलाईच. तेव्हा शनिवारी, २ मेला, कॉलनीत जे एकमेव गोड चालणार आहे त्याची सोय आत्ताच करून ठेवलेली बरी. लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, थोडं पोटॅशियम, थोडं सायट्रेट. जागतिक आरोग्य संघटनेची पाककृती आहे, चूक निघायची नाही. औषधाच्या दुकानात पाकिटात मिळतं. संत्र्याच्या चवीतही येतं, म्हणजे विदर्भाचा मान राहिला.